बोट ओढणारी जुनी गाडी थांबणार कशी?

पुणे - पावसाळा ओसरतो, धरणे भरतात आणि सुटीच्या दिवशी खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना या दिशांना निघालेल्या वाहनांच्या रांगेत अधूनमधून एक वेगळी जोडी दिसते. पुढे पंधरा-वीस वर्षे वापरलेली जिप्सी किंवा बोलेरो, मागे वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलेला दोन चाकांचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्रीखाली बांधलेली फायबरची छोटी बोट. सिग्नलला थांबलेले दुचाकीस्वार तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. गाडी ओढते आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असा मालकाचाही समज असतो. धोका आहे तो या समजातच. पाचशे किलोचे ओझे सपाट रस्त्यावर ओढणे छोट्या गाडीला फारसे जड जात नाही. तेच ओझे उतारावर आवरणे आणि वेळेत थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा विचार ना मालकाने केलेला असतो, ना रस्त्यावरच्या यंत्रणेने.

पुणेकरांना ‘टोइंग’ म्हटले की दुचाक्या उचलून नेणारी वाहतूक पोलिसांची गाडीच आठवते. ट्रेलर म्हटले की उसाची ट्रॉली किंवा महामार्गावरचा अजस्र कंटेनर. खासगी मोटारीमागे हौसेची वस्तू जोडून नेणे हा प्रकार आपल्याकडे नवा नाही, पण तो रुळलेलाही नाही. लष्करी छावणीच्या या शहराने जीपमागचे छोटे ट्रेलर अनेक दशके पाहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या ट्रेलरची भारक्षमता होती सुमारे सव्वादोनशे किलो. त्याला चालत्या गाडीत लागणारे स्वतःचे ब्रेक नव्हते, उभे करताना लावायचा हातब्रेक तेवढा होता. म्हणूनच ओझे एवढे मर्यादित ठेवले होते. आज त्याच धर्तीच्या सांगाड्यावर त्याच्या दुपटीने वजन सहज चढवले जाते.

वजनाचा हिशेब

बोटीचे वजन विचारले, की बहुधा रिकाम्या बोटीचाच आकडा सांगितला जातो. चौदा फुटी फायबरची बोट धरली, तर तो दोनशे किलोच्या आसपास येतो. त्यावर चाळीस अश्वशक्तीचे मागे बसवायचे इंजिन चढले, की आणखी नव्वद-शंभर किलो. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट असे करत साठ-सत्तर किलो वाढतात. ट्रेलरचा लोखंडी सांगाडा आणि चाके धरून दीडशे किलो. अशी बेरीज पाचशेच्या पुढे जाते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल आणि बोटीच्या तळाशी शंभर लिटर पाणी साचून राहिले असेल, तर आणखी शंभर किलो. हे पाणी शिवाय वळणावर एका बाजूला धावते, ते वेगळेच.

आता पुढची गाडी पाहू. जिप्सीचे रिकामे वजन साधारण एक हजार किलो, तर १९८३ ते २०१४ अशी तीन दशके रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे साडेसहाशेच्या घरात. ब्रिटनमध्ये ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्याचे भारासह वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा अधिक चालत नाही आणि कोणत्याही परिस्थितीत ते ७५० किलोच्या वर जाता कामा नये. हा दंडक येथे लावला, तर जिप्सीला पाचशे आणि मारुती ८०० ला सव्वातीनशे किलो एवढीच मुभा मिळते. वर मांडलेली बोट जिप्सीच्या मर्यादेला टेकते. मारुती ८०० चा तर प्रश्नच उरत नाही.

गाडी तयार करणारे याहून कडक असतात. जिप्सीच्याच कुळातील जिम्नी ऑस्ट्रेलियात विकली जाते, तेव्हा ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी तिची मर्यादा १,३०० किलो असते आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी अवघी ३५० किलो. इंजिन तेच, चाके तीच. फरक पडतो तो मागच्या ओझ्याला थांबवण्याची जबाबदारी कोणाची, एवढ्या एकाच गोष्टीने. भारतात विकल्या गेलेल्या अनेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर जोडण्याची शिफारसच नसते. ती पुस्तिका जुन्या गाडीबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचतही नाही.

थांबण्याचे गणित

चार माणसांसह तेराशे किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात आहे, असे समजा. चांगल्या स्थितीतील ब्रेक पूर्ण दाबल्यावर ती कोरड्या रस्त्यावर सुमारे २३ मीटरमध्ये उभी राहील. ब्रेकची ताकद तेवढीच ठेवून मागे पाचशे किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर जोडला, तर हेच अंतर ३२ मीटरवर जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले सतरा मीटर दोन्हींमध्ये धरावे लागतात, ते निराळेच. नऊ मीटरचा हा फरक म्हणजे दोन मोटारींची लांबी. सिंहगड रस्त्यावर दोन मोटारींच्या लांबीत किती दुचाक्या असतात, हे सांगण्याची गरज नाही.

हा झाला सपाट रस्त्याचा हिशेब. पुण्याच्या भोवतालची धरणे मात्र डोंगरांत आहेत. मुळशीला जाताना पिरंगुटचा घाट लागतो. भाटघरहून परतताना सातारा महामार्गाने कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार समोर येतो. हा उतार काय करू शकतो, हे शहराने पुन्हा पुन्हा पाहिले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अनियंत्रित झालेल्या एका अवजड वाहनाने येथे एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात कंटेनरच्या अपघातानंतर आग लागून अनेकांचे प्राण गेले. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याच्या किंवा इंजिन बंद करण्याच्या सवयीची चर्चा अशा अपघातांनंतर दर वेळी होते. ती चर्चा मालमोटारींपुरती राहते. वास्तविक भौतिकशास्त्राचा नियम मालमोटारीला एक आणि बोटीला दुसरा असा नसतो.

शंभर मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकवर उतरायचा, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता ताशी ६० च्या वेगातून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. एकटी गाडी ही उष्णता कशीबशी पचवते. ट्रेलरचीही उष्णता तिच्याच चार चाकांवर आली, की ब्रेक तापतात. जुन्या गाडीत यापुढची अडचण ब्रेक ऑइलची आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, तर पाणी शोषलेल्या तेलासाठी ही पातळी १४० अंशांपर्यंत खाली धरली जाते. तेल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल एकाएकी पोकळ लागते. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे कितीतरी मालक ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतल्यापासून तसेच चालवतात. घाटात गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी, ही एस.टी.च्या जुन्या चालकांची शिस्त या बाबतीत कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा उपयोगी आहे.

ट्रेलर डुलू लागणे हा उतारावरचा दुसरा धोका. बोटीचे जड इंजिन मागच्या टोकाला असते. त्यामुळे भार चाकांच्या मागे गेला, की ट्रेलरचा दांडा गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहतो. मग एखादा खड्डा किंवा शेजारून गेलेल्या बसचा वारा एवढेही निमित्त पुरते. मागचे टोक डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे घेऊ लागते आणि वेग अधिक असेल, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. घाबरून ब्रेक मारल्यास ट्रेलर गाडीला ढकलतो आणि दोन्ही कात्रीसारखी दुमडतात. अशा वेळी चाक सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणे हाच उपाय. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून भारासह ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाच ते दहा टक्के भाग दांड्यावर, म्हणजे हूकवर यावा लागतो. पाचशे किलोला पंचवीस ते पन्नास किलो. तो कमी असेल, तर बोट सांगाड्यावर थोडी पुढे सरकवावी. मात्र पन्नासाच्या बऱ्याच पुढे गेला, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारीची पकडच सुटते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

हूक, वेल्डिंग आणि कायदा

हूक कोठे जोडला आहे, हा जुन्या गाडीचा सर्वांत नाजूक प्रश्न. जिप्सी, सुमो, बोलेरो या गाड्यांना खाली लोखंडी चासी असते आणि हूकचा भार तिच्यावर देता येतो. मारुती ८०० सारख्या गाडीत स्वतंत्र चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. अशा गाडीच्या मागच्या पत्र्याला किंवा बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हूक पहिल्या दिवशी भक्कम दिसतो. पंधरा पावसाळे पाहिलेल्या पत्र्यात गंज आतून धरलेला असतो आणि प्रत्येक गतिरोधकावर तो सांधा थोडाथोडा फाटत जातो. पुण्यातील गतिरोधकांची संख्या आणि उंची पाहता ही परीक्षा घरापासून पहिल्या चौकातच सुरू होते. हूकच्या गोळ्याचे मापही जुळावे लागते. ५० मिलिमीटर आणि दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, अशी दोन मापे प्रचलित आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकामुळे जोड सैल बसतो आणि झिजलेल्या गोळ्यावर तो उडी मारून सुटतो. दांड्याखालून फुलीच्या आकारात दोन साखळ्या गाडीला जोडल्या असतील, तर सुटलेला दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर अडतो. साखळ्या नसतील, तर पाचशे किलोची बोट मागच्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येते.

कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे, त्याला इंजिन नसले तरी. कलम ६१ प्रमाणे इतर वाहनांसारखीच ट्रेलरची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. त्रयस्थ विमा नसल्यास कलम १९६ वेगळे लागते. गाडीत परवानगीविना केलेल्या फेरफारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेला बाधा आणणारे फेरफार चालणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला होता. वेल्डिंगच्या दुकानातील सांगाड्याला ना निर्मात्याचे प्रमाणपत्र असते, ना चासी क्रमांक. अपघात झाल्यावर विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. दंडाच्या पावतीपेक्षा ही शक्यता अधिक गंभीर आहे.

तरीही सगळा दोष हौशी मालकांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. कायद्याच्या डोळ्यांसमोर ट्रेलर आहे तो मालवाहतुकीचा आणि शेतीचा. मोटारीमागच्या पाचशे किलोच्या ट्रेलरची तपासणी करून तो पास करून घेण्याची सोपी, सर्वज्ञात वाट सामान्य माणसाला दिसत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली, देशभरच्या वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ कोथरूडच्या टेकडीवर आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबपासून फार दूर नाही. ज्ञान, अधिकार आणि बोटी या तिन्ही गोष्टी एकाच शहरात आहेत. त्यांची गाठ तेवढी पडलेली नाही.

पुण्यात बोटी केवळ हौसेच्या नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासूनचा. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातील रोइंग केंद्राने ऑलिंपिकपर्यंत मजल मारणारे नाविक घडवले. शर्यतीच्या बोटींचा प्रश्न मात्र उलटा असतो. एकट्याने वल्हवायच्या बोटीचे किमान वजन अवघे १४ किलो आणि लांबी आठ मीटरच्या पुढे. वजन नगण्य असले, तरी लांबी वळणावर शेजारच्या वाहनाला फटकारते. म्हणून ती सुटी करून, लाल कापड आणि दिवे लावून न्यावी लागते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली, तेव्हा बचावासाठी बोटींचीच गरज पडली होती. बचाव पथकांना सोयीच्या पडतात त्या हवा भरायच्या रबरी बोटी. घडी घालून गाडीत टाकता येतात. सुटीच्या दिवशी धरणावर जाणाऱ्यांनाही हा धडा घेण्यासारखा आहे. घडीच्या बोटीला ट्रेलर लागत नाही आणि म्हणून वर सांगितलेल्यांपैकी एकही अडचण येत नाही.

फायबरची बोटच न्यायची असेल, तर २००५ मध्ये बाजारात आलेला ‘छोटा हत्ती’ पाऊणशे किलोच्या नव्हे, पाऊण टनाच्या ओझ्यासाठी बांधलेला आहे. त्याचे ब्रेकही त्याच हिशेबाने बसवलेले आहेत. अडचण लांबीची. त्याचा हौदा सात फुटांचा, बोट चौदा फुटांची. हौद्याबाहेर मर्यादेपलीकडे डोकावणाऱ्या मालाला कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये दंड आहे. त्यामुळे दहा फुटांपलीकडच्या बोटीला लांब हौद्याचा टेम्पोच लागतो. भाडे जाते, पण जुन्या गाडीचा क्लच, पाटे आणि मालकाची झोप शाबूत राहते.

पाण्याच्या काठावर

रस्ता सुखरूप पार पडला, तरी शेवटचे वीस मीटर उरतात. धरणांच्या काठी सर्वांसाठी बांधलेला पक्का उतार अपवादानेच आढळतो. त्यात उन्हाळ्याकडे पाणी खाली जाऊ लागले, की काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. ट्रेलर पाण्यात ढकलताना पुढच्या चाकांवर चालणारी गाडी उतारावर उलटी उभी असते. भार मागे, ताकद पुढे आणि खाली शेवाळ. अशा ठिकाणी चाके फिरत राहतात व गाडी मागे सरकत जाते. हातब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो, एवढाच काय तो आधार. त्यामुळे चालकाखेरीज कोणी गाडीत बसू नये, काचा उघड्या असाव्यात आणि मागच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची अटक लावणारा माणूस हजर असावा. तो ट्रेलरच्या मागे कधीही उभा राहू नये. आणखी एक बारीक गोष्ट. तीस-चाळीस किलोमीटर धावून तापलेली बेअरिंग थंड पाण्यात बुडली, की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ग्रीस धुपून जाते. परतीच्या वाटेवर चाक जाम होते, ते बऱ्याचदा यामुळे. पंधरा-वीस मिनिटे थांबून चहा घेतला आणि मग ट्रेलर पाण्यात उतरवला, दिव्यांची वायर आधी काढून ठेवली, तर हे टळते.

बोट पाण्यात घालण्यापूर्वी परवानगीचा प्रश्नही सोडवावा लागतो. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत आणि खडकवासल्याचे पाणी तर शहर पिते. यंत्रावर चालणाऱ्या बोटीसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणीची अट घातली आहे. म्हणजे गाडी, ट्रेलर आणि बोट यांची तीन स्वतंत्र कागदपत्रे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला नोंदणीचे नूतनीकरण व फिटनेस तपासणी असते, ती धरून चार.

हे सारे करूनही वजनाचा आकडा अंदाजावर सोडला, तर बाकीचे श्रम व्यर्थ जातात. पुणे जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. साखर कारखान्यांपाशी, भंगाराच्या बाजारात, महामार्गाच्या कडेला ते आहेत आणि किरकोळ पैशांत छापील पावती देतात. आधी गाडीसह पूर्ण भरलेली जोडी काट्यावर घ्यावी, मग ट्रेलर सोडून एकटी गाडी. दोन पावत्यांतील फरक म्हणजे ट्रेलरचे खरे वजन. मात्र मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक नीट कळत नाही. म्हणून दांड्यावरचा भार घरातला माणसांचा काटा दांड्याच्या टोकाखाली, हूकच्या उंचीएवढ्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून वेगळा मोजावा. ट्रेलरचा आकडा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल, ब्रेक ऑइल ताजे असेल आणि हूक चासीला असेल, तर पानशेतपर्यंत ताशी चाळीसने जायला हरकत नाही. तसे नसेल, तर टेम्पोवाल्याला फोन करावा.